पंचवीस मिनिटांनी आवाज बसतो, थाप मारली की येतो: व्हॉल्व्ह ॲम्पमधला लपणारा फॉल्ट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हालाही कळेल. गिटारचा २० वॅटचा कॉम्बो ॲम्प, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. आत काचेचे पाच व्हॉल्व्ह: स्पीकर वाजवणारे दोन ईएल८४ आणि त्यांच्याआधीचे तीन छोटे १२एएक्स७. मागे इफेक्ट लूपचे, म्हणजे मध्ये पेडल जोडायचे, दोन जॅक. मुंबईहून सेकंडहँड घेतलेला. रविवारी चर्चमध्ये वाजतो आणि बाकीचे दिवस सोलापुरात अक्कलकोट रोडवर, शेजारी यंत्रमाग असलेल्या खोलीत बँडच्या तालमीला. वीस-पंचवीस मिनिटं झकास चालतो, मग जराशी खरखर होते आणि आवाज, न फाटता, एकदम पाव हिश्श्यावर येतो. जोरात कॉर्ड मारली किंवा वरून थाप मारली की कधी परत येतो, कधी नाही. दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा ठणठणीत. पाचही व्हॉल्व्ह नवे टाकले, चार दिवस बरा चालला आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता एका दुकानात आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ईएल८४ आणि स्पीकर यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर, बदलायला सांगतायत. बदलू का, असं विचारलंय.

नका बदलू. निदान आज तरी नका.

ट्रान्सफॉर्मर जातच नाहीत असं नाही. पण गेलेला ट्रान्सफॉर्मर असा वागत नाही. प्रायमरीची, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगची, एक बाजू आत तुटली तर त्या बाजूच्या ईएल८४च्या ॲनोडला (बाहेरच्या पट्टीला) एचटी, म्हणजे शेकडो व्होल्टचा डीसी पुरवठा, पोहोचतच नाही. मग तो व्हॉल्व्ह सगळा करंट स्क्रीन ग्रिडमधून ओढायला लागतो आणि आतली ती बारीक जाळी लाल होते. आवाज फाटतो, घरघरतो. तुम्ही सांगताय तसा स्वच्छ राहून नुसता लहान होत नाही. वाइंडिंग आतल्या आत शॉर्ट झाली तर फ्यूज उडू शकतो किंवा वास येऊ शकतो, आणि ती दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरी होत नाही. शिवाय हा तपास फुकटात होतो. फॉल्ट आलेला असताना ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून दोन्ही ॲनोडपर्यंत व्होल्टेजचा फरक मोजायचा. दोन्हीकडे थोडे व्होल्ट, साधारण ५ ते १०, आणि एकमेकांच्या जवळपास आले, तर ट्रान्सफॉर्मरमधून करंट नीट वाहतोय. हे न मोजता ट्रान्सफॉर्मर बदलणं म्हणजे तुमच्या पैशावर अंदाज खेळणं.

तुमच्या सगळ्या मजकुरात मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून गेलात: व्हॉल्व्ह बदलल्यावर चार दिवस बरा चालला.

आपल्या लायनीत बहुतेक जण याचा अर्थ लावतात की व्हॉल्व्ह खराब होते, नवेही खराब निघाले. मी वेगळा अर्थ लावतो. जुना व्हॉल्व्ह उपसताना आणि नवा दाबून बसवताना सॉकेटच्या नऊ क्लिपा नऊ पिनांवर घासल्या गेल्या. त्यांच्यावरचा काळपट थर खरवडला गेला. सॉकेट छापील बोर्डावर असेल तर त्या जोराने बोर्ड थोडा वाकला आणि खालचं तडकलेलं सोल्डर पुन्हा टेकलं. म्हणजे दुरुस्ती व्हॉल्व्हने केली नाही, हाताने केली, आणि तीही चार दिवसांपुरती. लपणाऱ्या फॉल्टची हीच खोड आहे: तुम्ही जिथे हात लावाल तिथे तो तात्पुरता बरा होतो आणि पुरावा पुसून जातो. म्हणून माझं एकच मागणं आहे. यापुढे एका वेळी एकाच गोष्टीला हात लावा, मग थांबा आणि वहीत लिहा.

मी १९८०च्या दशकात सोलापुरात व्हॉल्व्ह रेडिओ आणि मंडळांचे भोंग्याचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करत शिकलो. तेव्हा बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळायचे. आता ते दिवस गेले. आज चीन, रशिया किंवा स्लोव्हाकियाचा माल मागवावा लागतो आणि एका जोडीला चांगली रक्कम मोजावी लागते. तेव्हा कारण नसताना पाच व्हॉल्व्ह विकत घ्यायला लागले याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुने पाच फेकले नसतील तर जपून ठेवा. माझ्या अंदाजाने त्यातले बहुतेक चांगले आहेत.

पुढे जाण्याआधी जिवाची गोष्ट. या ॲम्पमध्ये एचटी ३०० ते ३५० व्होल्ट असतं आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतं. किती वेळ, ते ॲम्पवर अवलंबून; मी तासाभरापूर्वी बंद केलेल्या ॲम्पचा झटका खाल्लाय. कोपरापर्यंतचा हात संध्याकाळपर्यंत बधिर होता. दुसरा हात त्या वेळी चासीवर (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यावर) असता तर करंट छातीतून गेला असता. म्हणून चासी बाहेर काढायचं काम ज्याला एचटीची सवय आहे त्यानेच करावं. १० किलोओम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स घ्यायचा, एक टोक क्लिपने चासीला लावायचं, दुसरं इन्सुलेटेड प्रोबने कंडेन्सरच्या प्लसला दहा सेकंद धरायचं आणि मग मीटरने खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत मी माझ्या बेंचवर कुणाला करू देत नाही. आणि स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करायचा नाही; त्याने खरंच आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आता तपास. सुरुवातीचा बराचसा भाग तुम्ही पेटी न उघडता घरी करू शकता.

आधी ॲम्पच्या बाहेरचं सगळं बाजूला काढा. पेडल नको, अडॅप्टर नको. दुसरा गिटार, दुसरी केबल, सरळ इनपुटमध्ये. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण गिटारच्या स्वतःच्या जॅकची नटबोल्ट ढिली होऊन माझ्याकडे ॲम्प आलेले आहेत. एवढं करूनही पंचविसाव्या मिनिटाला आवाज बसला तर पुढे चला.

मग इफेक्ट लूप. मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक आहेत. तुम्ही त्यात काही लावत नाही म्हणून ते कामात नाहीत असं वाटतं, पण प्रत्यक्षात तुमचा सगळा आवाज त्यांच्यातूनच जातो. रिटर्न जॅकच्या आत एक पातळ पितळी पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते. प्लग घातला की ती उचलली जाते, नसला की टेकलेली राहते आणि प्रीॲम्पमधला (पुढच्या अर्ध्यातला) सिग्नल तिच्यातून पॉवर ॲम्पकडे (मागच्या अर्ध्याकडे) जातो. वर्षानुवर्षं कुणी प्लग घातला नाही तर त्या टेकलेल्या जागेवर थर चढतो. सिग्नल लहान असला की थर आडवा येतो आणि मोठा आला की फुटून वाट मिळते. जोरात कॉर्ड मारल्यावर आवाज परत येण्याचं हे एक जुनं, ओळखीचं कारण आहे. तुमचा ॲम्प मुंबईहून आलाय म्हणता, म्हणून संशय आणखी वाढतो. खारी हवा खाल्लेल्या ॲम्पचे जॅक आणि व्हॉल्व्हच्या पिना मी हिरवट पडलेल्या पाहिल्यात. आपल्याकडची कोरडी हवा त्या बाबतीत खूपच बरी.

तपास असा: एक आखूड, चांगली पॅच केबल सेंडपासून रिटर्नमध्ये लावा. आता सिग्नल पट्टीऐवजी केबलमधून जाईल. मात्र इथे लोक एक चूक करतात. फॉल्ट आला, केबल लावली, आवाज आला, केबल काढली, आवाज तसाच राहिला, मग म्हणतात की लूपचा संबंध नाही. अहो, प्लग आत-बाहेर केल्याने पट्टी घासली गेली, म्हणून तो राहिला! तेव्हा केबल लावा आणि लावलेलीच ठेवा. आठवडाभर तशीच तालीम करा. आठवड्यात एकदाही फॉल्ट आला नाही तर जॅक दोषी. केबल असूनही आला तर जॅक सुटला आणि फॉल्ट ॲम्पच्या पोटात आहे. या एका आठवड्याने माझ्या बेंचवरचे तुमचे दोन दिवस वाचतील.

केबल असूनही फॉल्ट आला की त्याच क्षणी, काहीही न ठोकता, पुढची पायरी. ॲम्पचा मास्टर व्हॉल्यूम कमी करा, रिटर्नमधला प्लग काढा आणि तिथे मोबाइलमधून गाणं सोडा, मोबाइलचा आवाज अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवत. गाणं भरदार आलं तर फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन उलट प्रती करून दोन ईएल८४ना देणारा टप्पा), दोन्ही ईएल८४, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर, सगळेच निर्दोष. दोष पहिल्या एक-दोन १२एएक्स७च्या आसपास. गाणंही मेल्यासारखं आलं तर उलट, दोष मागच्या अर्ध्यात. एका हालचालीत अर्धा ॲम्प संशयातून मोकळा होतो, आणि तुम्हाला ट्रान्सफॉर्मर विकणाऱ्याला द्यायला उत्तरही मिळतं.

कॉर्ड मारल्यावर आवाज परत येतो याचा अजून एक अर्थ निघतो. कॉम्बोमध्ये स्पीकर आणि चासी एकाच पेटीत. कॉर्ड जोरात वाजली की स्पीकर पेटी हलवतो, म्हणजे ती थापच झाली. सिग्नलच्या जोराने येतो की हादऱ्याने, हे वेगळं करायचं असेल तर आतला स्पीकर काढून तेवढ्याच ओमचा दुसरा स्पीकर लांब केबलने शेजारच्या खोलीत ठेवा, अर्थात ॲम्प बंद करून. आता कॉर्ड कितीही मोठी वाजवा, चासी हलणार नाही. तरीही कॉर्डने आवाज परत येत असेल तर थर चढलेला कॉन्टॅक्ट शोधायचा. कॉर्डने येत नाही पण थापेने येतो, तर सॉकेट किंवा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा सांधा. तुमच्या बाबतीत माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, कारण ते चार दिवस.

फॉल्ट हुकमी आणता येणं ही अर्धी दुरुस्ती आहे. पंचवीस मिनिटं वाट बघत बसणं परवडत नाही, म्हणून मी पेटीची मागची जाळी सोलापुरी चादरीने अर्धी झाकतो. चादर सुती हवी, व्हॉल्व्हला टेकायला नको, वरची बाजू मोकळी ठेवायची, आणि चादर काढेपर्यंत समोरून उठायचं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२च्या पुढे जातो तेव्हा चादरीचीही गरज पडत नाही. उलट डिसेंबरात तोच ॲम्प दोन-दोन तास तक्रार न करता चालतो आणि गिऱ्हाईक म्हणतो, आपोआप बरा झाला. झालेला नसतो. गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीच्या थंडीत रात्रभर वाजलेले ॲम्प शिमग्यानंतर माझ्याकडे रांगेने यायचे.

आता पेटी उघडून काय बघतो ते सांगतो. हे तुम्ही स्वतः करावं म्हणून सांगत नाही, दुरुस्त करणाऱ्याला काय विचारायचं ते कळावं म्हणून.

ॲम्प नीट चालू असतानाच सगळ्या व्हॉल्व्हची व्होल्टेजं मोजून वहीत लिहायची. १२एएक्स७मध्ये दोन स्वतंत्र ट्रायोड असतात, म्हणजे एका काचेत दोन व्हॉल्व्ह. प्रत्येकात सिग्नल ग्रिडवर येतो, आणि कॅथोड-ॲनोडमधला करंट तो कमी-जास्त करतो. पहिल्याचा ॲनोड पिन १, ग्रिड २, कॅथोड ३. दुसऱ्याचा ॲनोड ६, ग्रिड ७, कॅथोड ८. हीटर ४, ५ आणि ९. नेहमीच्या सर्किटमध्ये ॲनोडला १०० किलोओम आणि कॅथोडला १.५ किलोओम असतो. कॅथोडवर दीड व्होल्ट आले तर करंट १ मिलिॲम्पियर, म्हणजे १०० किलोओमवर १०० व्होल्ट पडणार. एचटी तिथे २७० असेल तर ॲनोडवर १७० दिसायला हवेत. एवढा त्रैराशिकाचा हिशेब आला की व्हॉल्व्ह स्वतःच बोलायला लागतो. फॉल्टच्या वेळी ॲनोडवर अख्खे २७० दिसले तर व्हॉल्व्हमधून करंट वाहत नाही: कॅथोडची वाट तुटली किंवा हीटर विझला. ॲनोडवर जवळपास शून्य दिसले आणि एचटी जागेवर असेल तर ॲनोडचा रेझिस्टन्स उघडला, म्हणजे आतून तुटला. ॲनोड, कॅथोड सगळं जसंच्या तसं असेल आणि तरी आवाज नसेल तर व्हॉल्व्ह काम करतोय, सिग्नल त्याच्यापर्यंत येत नाही किंवा पुढे जात नाही: जॅक, व्हॉल्यूमचा पॉट किंवा मधला कंडेन्सर.

असाच एक ॲम्प माझ्याकडे एका कॉलेजच्या मुलांनी आणला होता. ईएल८४चाच, तुमच्यासारखीच लक्षणं, तीन ठिकाणी फिरून आलेला, आत अर्धे कंडेन्सर नवे. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून हरलो. गरम झाला, आवाज बसला, मी प्रोब उचलून दुसऱ्या १२एएक्स७च्या पिन ८वर टेकवला आणि टेकवताक्षणी आवाज परत आला. पुन्हा गरम केला, पुन्हा तेच. मीटर व्होल्टेज मोजत नव्हता, प्रोबच्या टोकाचा दाबच सांधा जोडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ॲम्प थंड आणि कंडेन्सर रिकामे असताना, मी चार पातळ इन्सुलेटेड वायरी सोल्डर करून बाहेर काढल्या. एक ॲनोडवर, एक एचटीवर, एक पिन ८च्या सॉकेटच्या टोकावर आणि एक कॅथोड रेझिस्टन्सच्या वरच्या पायावर. शेवटच्या दोन जागा सर्किटमध्ये एकच आहेत, मध्ये फक्त दोन सेंटिमीटरचा ताम्रपट, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी. चांगल्या वेळी दोन्हीकडे १.४ व्होल्ट. चादर टाकली. अठराव्या मिनिटाला खर्र झालं आणि आवाज बसला. मी चासीला हात लावला नाही, फक्त मीटर एका वायरीवरून दुसरीवर नेला. ॲनोड १७८वरून २६०च्या वर गेलेला. रेझिस्टन्सच्या पायावर शून्य. आणि पिन ८वर चारच्या जवळ. कॅथोडला जमिनीची वाट उरली नव्हती, म्हणून तो वर तरंगत होता आणि व्हॉल्व्ह बंद पडला होता. एकाच ताम्रपटाच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे! म्हणजे तडा त्या दोन सेंटिमीटरच्या आत कुठेतरी. तीन ठिकाणच्या लोकांनी जे पार्ट बदलले होते त्यातल्या एकाचाही दोष नव्हता.

बोर्ड उलटा केल्यावरही तडा सरळ बघून दिसेना. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा पिन ८च्या सोल्डरच्या टेकडीभोवती केसाएवढी काळी रिंग दिसली. पिन मधोमध मोकळी, सोल्डर तिच्याभोवती अंगठीसारखं. छापील बोर्डावरच्या सॉकेटला हे होतंच. १२एएक्स७चा हीटर ६.३ व्होल्टवर ३०० मिलिॲम्पियर खातो, ईएल८४चा ७६० मिलिॲम्पियर, आणि वर ॲनोडची उष्णता वेगळी. दर वेळी चालू केला की पिन आणि बोर्ड वेगवेगळ्या मापाने फुगतात, बंद केला की आकसतात. हजारदा झालं की सोल्डर थकतं. त्यातून कॉम्बोमधले हादरे, आणि त्यातून कुणी व्हॉल्व्ह गोल गोल हलवून उपसला तर संपलंच. सरळ वर ओढावा, किंचित डोलवत.

दुरुस्ती करताना वरून नवं सोल्डर थापू नये. आधी जुनं सोल्डर पंपाने पूर्ण काढावं, पिन खरवडून फ्लक्स लावावं आणि ६०/४०चं (कथील-शिशाचं) नवं सोल्डर पिनेभोवती वाहू द्यावं. जास्त वेळ सोल्डरिंगची इस्त्री धरली तर ताम्रपट बोर्डावरून सुटतो, मग तिथे पातळ वायरीचा जंपर मारावा लागतो. आणि एका पिनेला रिंग सापडली तर पाचही सॉकेटच्या सगळ्या पिना करून घ्याव्यात, कारण त्या सगळ्यांचं वय तेवढंच आहे. याला मी अंदाजाने पार्ट बदलणं म्हणत नाही. दोष सिद्ध झालाय, आता त्याच्या भावंडांचा बंदोबस्त करायचाय.

सोल्डर चांगलं निघालं तर सॉकेटच्या क्लिपा. बारीक ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, पूर्ण वाळू द्यायचं, मग दाभणासारख्या टोकाने प्रत्येक क्लिप हलकीशी आत दाबून घट्ट करायची, अर्थात एचटी उतरवून. तुमची खोली यंत्रमागाशेजारी आहे म्हणून मुद्दाम सांगतो: सुताचं तूस सॉकेटमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरभोवती गादीसारखं साचतं. कोरडं असताना ते नुसती उष्णता कोंडतं, पावसाळ्यात ओल धरलं की पिनांमध्ये गळती करतं आणि खरखर सुरू होते. दर सहा महिन्यांनी मऊ ब्रशने झाडून काढा आणि तालमीनंतर, ॲम्प पूर्ण थंड झाल्यावर, वरून कापड टाकत जा. गरम असताना स्पिरिट किंवा क्लीनर मारू नका, पेट घेतो.

चालू चासीत सांधे चाचपायला मी प्लॅस्टिकची विणायची सुई वापरतो, एक हात खिशात ठेवून. सुकी बांबूची काडीही चालते. पेन्सिल नको, आतलं ग्रॅफाइट करंट वाहतं. पण ठोकाठोकी सगळ्यात शेवटी, आकडे लिहून झाल्यावर. आधी ठोकलं की फॉल्ट पळतो आणि पुन्हा पंचवीस मिनिटं बसावं लागतं.

खरखरीबद्दल थोडंसं. आवाज बसण्याशी तिचा संबंध नसेल, ती नुसतीच सुरू राहत असेल, तर ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन पहिला १२एएक्स७ काढून ठेवा आणि पुन्हा चालू करा. खरखर गेली तर उगम पहिल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या १०० किलोओमच्या ॲनोड रेझिस्टन्समध्ये. जुने कार्बनचे रेझिस्टन्स यासाठी प्रसिद्ध आहेत. राहिली तर उगम पुढे. ईएल८४ मात्र असा एकेकटा काढू नये.

एका लक्षणाला मात्र अजिबात वाट बघू नका. अंधारात ईएल८४कडे बघा. मधल्या हीटरचा नारिंगी उजेड असणारच, पण बाहेरची राखाडी ॲनोडची पट्टी लाल व्हायला लागली तर त्याच क्षणी बंद करा. ईएल८४ची ॲनोडची मर्यादा १२ वॅट आहे आणि हे ॲम्प त्या मर्यादेच्या अगदी काठावर चालवलेले असतात. गरम झाल्यावर गळायला लागलेला कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्याशी जोडणारा) ग्रिडवर प्लस व्होल्टेज सोडतो, व्हॉल्व्ह जास्त ओढतो, आणि तिथून मात्र खरोखर ट्रान्सफॉर्मरपर्यंत मजल जाते. तपास सोपा: गरम असताना ईएल८४च्या पिन २वर, म्हणजे ग्रिडवर, डीसी शून्याच्या आसपास हवं, काही ॲम्पमध्ये मायनस. दोन-तीन व्होल्ट प्लस दिसले तर तो कंडेन्सर किंवा तो व्हॉल्व्ह, दोन्हीपैकी एक गेला.

लाइनच्या व्होल्टेजचंही बघून घ्या. माग बंद झाल्यावर रात्री काही भागांत लाइन २५०पर्यंत चढते. ॲम्पचा लाइन व्होल्टेज निवडायचा टॅप २२०वर असेल तर ६.३चा हीटर ७.१च्या पुढे जातो, एचटी त्याच प्रमाणात वाढतं. टॅप २३० किंवा २४०चा असेल तर तो निवडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फ्यूजचं मापही त्याबरोबर तपासून घ्या.

दुरुस्तीनंतर ॲम्प हातात घेण्याआधी दुकानात बसून दोन तास वाजवून बघा, फॉल्ट ज्या खोलीत यायचा तेवढ्याच आवाजावर, आणि मध्ये दोनदा पूर्ण थंड करून. पंचवीस मिनिटांचा फॉल्ट पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये कधीच दिसत नाही.

तुमच्यासाठी आज एवढंच काम: पॅच केबल लावा, आठवडाभर काढू नका. प्रत्येक तालमीला चालू केल्याची वेळ, फॉल्टची वेळ आणि तो कशाने गेला ते लिहा. आला तर मोबाइल रिटर्नमध्ये लावून गाणं कसं वाजलं ते लिहा. ते पान घेऊन या किंवा फोटो पाठवा. गाणं भरदार वाजलं असेल तर मी सरळ दुसऱ्या १२एएक्स७च्या सॉकेटपासून सुरुवात करीन. मेल्यासारखं वाजलं असेल तर फेज इन्व्हर्टरपासून. येताना जुने पाच व्हॉल्व्हही सोबत आणा, टेस्टरवर लावून बघू.